आधी मस्टर, मग टक्के



गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं : वाटाघाटी चालू आहेत. महिना-दोन महिने तेच. मग एके दिवशी : वाटाघाटी यशस्वी! लगेच गुलाल, ताशा, पेढे. मूळ पगारात अमुक टक्के, भत्त्याचा नवा दर, धुलाईचे पैसे वाढले, थकबाकी दोन हप्त्यांत. करारावर एकीकडे मालकाची सही, दुसरीकडे युनियनची. पुढाऱ्याच्या गळ्यात हार. सगळे हसताहेत. फोटो पेपरात.

आम्हाला त्या फोटोबद्दल बोलायचंय. त्यात कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. कोण नाही, हे विचारायची पाळी आपली.

उदाहरण लांबचं नको. मुंबई महापालिका घ्या. २०२५-२६ चं तिचं बजेट ७४,४२७ कोटी रुपयांचं. देशातल्या काही राज्यांचं बजेटसुद्धा एवढं नसतं. अशा या मालकाच्या शहरात रोज पहाटे झाडू फिरतो. एका गल्लीत झाडू मारणारा कायम कामगार. पुढच्या गल्लीत ठेकेदाराचा माणूस. झाडू तोच, घाण तीच, उंदीर-घुशी त्याच. पहिल्याचं नाव पालिकेच्या मस्टरवर आहे. दुसऱ्याचं ठेकेदाराच्या वहीत, तेही ठेकेदाराची मर्जी असेल तोवर. पहिल्याला रजा, फंड, दवाखाना, दिवाळीला सानुग्रह अनुदान. दुसऱ्याचा खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. चार खाडे झाले तर माणूसच गेला.

आणि दोघांची जात? बहुतेक वेळा दोघंही आपलेच. इथं सवर्ण वर आणि दलित खाली असा सोपा हिशेब नाही. मस्टरची रेघ आपल्याच वस्तीतून जाते, कधी एकाच खोलीतून जाते. थोरला कायम, धाकटा ठेक्यावर. बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाला वरच्याचा राग येतो, पण खाली कोणीतरी आहे याचं समाधानही असतं. म्हणून उतरंड हलत नाही. मालकाला हे बरोबर कळलंय. त्याने जातीच्या उतरंडीखाली मस्टरची आणखी एक पायरी बांधून घेतली. म्हणजे आता दलितालाही खाली बघायला माणूस मिळाला. च्यायला, काय सोय आहे!

ही पायरी बांधली कशी, ते नीट समजून घ्या. कायद्यातली भोकं बघून बांधली.

ठेका कामगारांचा १९७० चा कायदा वीस किंवा जास्त माणसं असतील तिथं लागू व्हायचा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७. त्यात वर्षाला २४० दिवसांची सलग नोकरी झाली की कामगाराला काही संरक्षण मिळायचं. मग काय केलं? कचऱ्याचे ठेके तुकड्या-तुकड्यांनी दिले. एका ठेक्यात वीसपेक्षा कमी माणसं. मुदत काही महिन्यांची. मुदत संपली की कागदावर नवा ठेका. गाडी तीच, माणूस तोच, पण कागदावर त्याचे २४० दिवस कधी भरतच नाहीत. मराठवाड्यातल्या दुष्काळाने हाकललेली माणसं या कागदांवर वर्षानुवर्षं राबली. देवनारच्या डोंगराकडे गाड्या भरून पाठवत राहिली. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत, अंग धुवायला पाणी नाही. मुंबई मात्र स्वच्छ.

कचरा वाहतूक श्रमिक संघाने यातल्या सत्तावीसशे कामगारांचं प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेलं. हे ठेके नुसतं सोंग आहे, ही माणसं पालिकेचीच कामगार आहेत, असं न्यायाधिकरणाने २०१४ साली ठरवलं. पालिका हायकोर्टात गेली. तिथं २०१६ ला हरली. सुप्रीम कोर्टात गेली. तिथं एप्रिल २०१७ मध्ये हरली. झाडूवाल्याला कायम करावं लागू नये म्हणून देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका दिल्लीपर्यंत वकील घेऊन गेली, हे विसरू नका.

आणि हरल्यावर? आदेशातलं नाव आणि माणसाच्या कागदावरचं नाव जुळत नाही, अशी खुसपटं निघाली. इथं वेलांटी वेगळी, तिथं बापाचं नाव वेगळं, आडनाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. ज्याचं नाव पालिकेने मुद्दामच कुठं लिहून ठेवलं नव्हतं, त्यालाच पालिका विचारते, तुझं नाव नीट सांग. अनेक माणसं कोर्टात जिंकून चौकीवर हरली.

दुसरी युक्ती याहून गोड. झोपडपट्टीची सफाई दत्तक वस्ती योजनेत गेली. पुढे तिचं नाव झालं स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान. त्यात काम करणारा कामगार नसतो म्हणे. तो ‘स्वयंसेवक’ असतो. त्याला पगार नसतो, ‘मानधन’ असतं. म्हणजे पहाटे पाचला उठून दुसऱ्याची गटारं उपसायची त्याला हौस आहे! वस्तीवस्तीत दार ठोठावत फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या बायांचंही तेच. त्या ‘आरोग्य स्वयंसेविका’. दिवाळीला कायम नोकराला सानुग्रह अनुदान आणि या बायांना ‘भाऊबीज भेट’. मालक वर्षातून एकदा भाऊ होतो. उरलेलं वर्षभर तो कोण असतो ते त्या बायांना विचारा.

कामगार, स्वयंसेवक, पगार, मानधन, बोनस, भाऊबीज. शब्दांचा हा खेळ नवा नाही. आपल्या बापजाद्यांच्या कामाला वेतन म्हणत नव्हते, बलुतं म्हणत होते. शब्द बदलला की हक्क उडतो आणि दान उरतं.

आता करारावर येऊ. करार म्हणजे मालक आणि कामगार यांचा कागद. पण कामगार कोण, हे ठरवायचं काम कोणाचं? हे जर मालकाच्याच मस्टरवर सोडलं, तर वाटाघाटी सुरू होण्याआधीच निम्मी लढाई मालकाने मारली.

हा सवाल बाबासाहेबांनी १९२८ सालीच टाकला होता. त्या वर्षी मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर. त्यात आपली माणसंही होती, पण ती होती कुठल्या खात्यात? साचेखात्यात नाही. तिथं मजुरी चांगली. साच्याच्या धोट्यात नवी कांडी बसवली की धाग्याचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून अस्पृश्याला साचेखात्यात बंदी. ही बंदी मालकाने लिहून लावलेली नव्हती. कामगारच कामगाराला आत येऊ देत नव्हता. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, ही बंदी उठवा, ही मागणी तुमच्या मागणीपत्रकात घाला. ओढूनताणून ती घातली गेली. मालकांनी काय केलं? हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, म्हणून हात झटकले.

आता हे चित्र आजच्या शेजारी ठेवा. पालिका म्हणते, हा माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, पालिका देते तेवढंच मी देतो. युनियन म्हणते, तो आमचा मेंबर नाही. तिघांचे हात स्वच्छ. घाण फक्त याच्या हाताला.

लगेच कोणी म्हणेल, तुम्ही कामगारांची एकजूट फोडताय. हा आरोप बाबासाहेबांवरही झाला. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला तेव्हा तर जोरातच झाला. पण तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईच्या रस्त्यावर होते. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी त्यांची मांडणी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी दोन शत्रू मोजून दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि १९४३ साली, मजूरमंत्री असताना, मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं बिल मांडणारेही तेच. त्यांना एकजूट नको नव्हती. तळातल्याला बाहेर ठेवून केलेली एकजूट नको होती. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळत नाही, तो पुढारी कितीही लाल असो नाहीतर निळा असो, आपल्या कामाचा नाही.

मान्यतेचा खेळ पुढे काय झाला तेही आठवा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच संघटनेला प्रतिनिधी ठरवलं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. कामगार एका बाजूला, कागदावरची मान्यता दुसऱ्या बाजूला. ज्याच्याशी बोलायला हवं त्याच्याशी सरकार बोलेना आणि ज्याच्याशी बोललं त्याच्यामागे कामगार नव्हता. गिरणगावाचं काय झालं ते तिथल्या टॉवरांकडे मान वर करून बघा.

आता नवा कायदा आलाय. औद्योगिक संबंध संहिता संसदेने २०२० साली पास केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. एकाहून जास्त युनियन असतील तर ज्या युनियनमागे ५१ टक्के कामगार ती वाटाघाटीची युनियन. कोणाकडेच ५१ नसतील तर २० टक्के वाल्यांची परिषद. ऐकायला लोकशाही वाटते. पण ५१ टक्के कोणाचे? त्या आस्थापनेच्या मस्टरवर असलेल्या कामगारांचे. ठेकेदाराचा माणूस मालकाच्या मस्टरवर नाहीच. म्हणजे तो त्या शंभरातच धरला जात नाही. गावात होतो पण गावकुसाबाहेर होतो, तसं गल्लीत आहोत पण मस्टरबाहेर आहोत. गावकूस आता रजिस्टरच्या पानावर आलंय.

आणि संप करायचा तर सगळ्या उद्योगांत आधी नोटीस, नोटिशीनंतर चौदा दिवस थांबा, समेटाची बोलणी चालू असली तर तोवर संप बेकायदा. निम्म्या कामगारांनी एकदम किरकोळ रजा टाकली तर तोही संपच.

दुसऱ्या संहितेत, कामाच्या सुरक्षिततेच्या, ठेका कामगारांसाठीची वीसची मर्यादा पन्नासवर नेली. मुख्य कामात ठेका नको असं लिहिलं. छान! पण मुख्य काम म्हणजे काय? झाडणं, पुसणं, कचरा गोळा करणं, त्याची विल्हेवाट लावणं हे मुख्य काम नव्हे, अशी यादी तिथंच जोडली. आपल्या माथी मारलेलं काम नेमकं बाजूला काढलं. याला योगायोग म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

पण त्याच कलमात एक फट आहे. जी आस्थापना त्याच कामासाठी आहे, तिला ही सूट नाही. आता १८८८ चा मुंबई महापालिका कायदा काढा. कचरा आणि मैला उचलणं, त्याची विल्हेवाट लावणं ही पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत. करू वाटलं तर करावं असं ते काम नाही. मग कचरा हे पालिकेचं मुख्य काम नाही तर काय आहे? बगीच्यातली कारंजी? वाटाघाटीच्या टेबलावर हा मुद्दा आपटला पाहिजे. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल. पण आपल्या पुढाऱ्याच्या फाइलीत हे कलम निदान असलं पाहिजे.

युनियनचे जुने लोक यावर काय म्हणतात ते आम्हाला माहीत आहे. ते म्हणतात, पोरांनो, टेबलावर सगळं एकदम मिळत नाही. आधी कायम माणसाचं पदरात पाडून घेऊ. ठेकेवाल्यांचं कोर्टात बघू. त्यांचा विषय काढला की बोलणी फिसकटतात.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. टेबलावर घासाघीस करावीच लागते. पण हिशेब करा. कायम कामगार निवृत्त होतो, त्याची जागा भरत नाहीत. दर करारागणिक मस्टर बारीक होतं, ठेकेदाराची वही जाड होते. २०२५ साली पालिकेने कचरा उचलायचं आणि वाहायचं काम मोठ्या ठेक्यात द्यायची निविदा काढली तेव्हा कायम कामगारांच्या युनियनी खडबडून जाग्या झाल्या. एकत्र आल्या, संपाचा इशारा दिला. चांगलं केलं. पण आग त्यांच्या दारात आली तेव्हा. शेजाऱ्याचं घर जळत होतं तेव्हा त्या टक्के मोजत होत्या. आणि उद्या संप झालाच तर तो फोडायला मालक कोणाला रस्त्यावर उतरवणार? ठेक्यावरच्या उपाशी माणसालाच. त्याला तुम्ही करारात घेतलं नाही, तर तो तुमच्या संपात का येईल? त्याच्यावर दया करा असं आम्ही म्हणत नाही. स्वतःची कातडी वाचवायची असेल तरी त्याला बरोबर घ्यावंच लागेल.

एक अवघड गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. हा हक्क लढून टिकवलाय, तो सोडा असं सांगायची आमची जीभ होणार नाही. त्या नोकरीवर घरं उभी राहिली, पोरं कॉलेजात गेली. पण बापाचा झाडू पोराच्या हाती, हे मनूने सांगितलं तर शिवी आणि सरकारी ठरावाने सांगितलं तर सवलत? बी.कॉम. झालेल्या पोराला वारसाने झाडूच का? त्याच कार्यालयात टेबल रिकामं आहे ना? आणि हा वारसाहक्कही कायम कामगाराचाच. ठेक्यावरच्याचं पोर वारसाने काय घेतं? नोकरीशिवायचा झाडू.

आणि आता आपल्या घरातली घाण. ठेकेदार दरवेळी शेटजी-भटजीच असतो असं समजू नका. वस्तीतली संस्था, वस्तीतला कार्यकर्ता, चौदा एप्रिलला मोठं बॅनर लावणारा. तोही लेबर पुरवतो. पगारातले पैसे खातो, फंड भरत नाही, आणि ओरडलं तर ‘समाजाचा माणूस आहे, सांभाळून घ्या’ म्हणतो. का सांभाळायचं? गाडीवर निळा झेंडा लावला म्हणून चोरीचा पगार पवित्र होत नाही. गटारात माणूस गुदमरून मेला की हाच सगळ्यात आधी सांत्वनाला येतो. मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१४ ला म्हटलं, २०२३ ला तीस लाख म्हटलं. मरणाचा भाव कोर्टाला ठरवावा लागतो, कारण जिवंतपणीचा भाव कुठल्याच करारात लिहिलेला नसतो.

तेव्हा पुढच्या कुठल्याही कराराकडून आमच्या मागण्या या :

१. ज्या कामाचा करार, त्या कामावरचा प्रत्येक माणूस करारात. कायम, बदली, ठेक्यावरचा, ‘स्वयंसेवक’, सगळे. हे पहिलं कलम. पगाराचं कलम त्याच्यानंतर.

२. निवृत्त होणाऱ्याची जागा भरायची. ती रद्दही करायची नाही, ठेक्यालाही द्यायची नाही.

३. ठेकेदार बदलला तरी माणूस बदलणार नाही. पगार बँकेत, पगारचिठ्ठी हातात, फंडाचा नंबर माहीत. ओळखपत्रावर पालिकेचं नाव.

४. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे जागा.

५. टेबलावर ठेक्यावरच्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी. त्यात झाडूवाली बाई हवीच. तिच्या वतीने बोलायला आलेला बाबू चालणार नाही.

६. कराराचा मसुदा मराठीत. सहीच्या आधी चौकी-चौकीवर वाचून दाखवायचा, हात वर करून मतं घ्यायची. ज्याने कागद ऐकला नाही त्याच्या वतीने सही नाही.

मालक हे एका बैठकीत मान्य करील असं समजण्याइतके आम्ही भोळे नाही. पण मागणीपत्रकात जे लिहिलंच नाही ते मिळणार कुठून? १९२८ ची मागणी आधी कागदावर चढवावी लागली.

आणि तोवर काय? तोवर तुम्ही. होय, तुम्हीच. बी.ए., बी.कॉम., एलएल.बी. करणारे, संध्याकाळी नाक्यावर उभे राहून क्रांतीवर बोलणारे. तुम्हाला लिहिता येतं. शंभर रुपयांची वही घ्या. आपल्या वस्तीतला कोण कुठल्या ठेकेदाराकडे, कुठल्या चौकीवर, कुठल्या गाडीवर, कुठल्या तारखेपासून काम करतो ते लिहा. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहा. वेलांटीसकट, बापाच्या नावासकट. शेजारी त्याची सही नाहीतर अंगठा. पगाराचे मेसेज, गेटपास, गाडीवरचे फोटो, सगळं जपून ठेवा. दर महिन्याला वही पुढे न्या. सत्तावीसशे माणसांचं प्रकरण कुठं अडलं ते विसरू नका. वर्षानुवर्षांचं राबणं सिद्ध झालं आणि नावाच्या एका अक्षरावर माणूस अडकला.

मालक आपल्याला मस्टरवर घेत नाही ना? मग आपलं मस्टर आपण लिहू. वस्तीवस्तीत लिहू. आणि पुढच्या वाटाघाटीला ती वही घेऊन, ज्यांची नावं तिच्यात आहेत त्यांना बरोबर घेऊन, दारात उभे राहू. आतल्यांनी आधी ती वाचावी. मग टक्क्यांचं बोलू.

जय भीम.